मोलचं मिलिमोल, मायक्रोमोल करताना गुणायचं की भागायचं, हे कसं लक्षात ठेवावं?

मोल हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक. तुमच्या प्रश्नात ०.००३५ मोलचे मिलिमोल आणि मायक्रोमोल विचारले आहेत. उत्तर ३.५ मिलिमोल आणि ३५०० मायक्रोमोल. एकक लहान झालं की आकडा मोठा होतो आणि एकक मोठं झालं की आकडा लहान, एवढं डोक्यात असलं की गुणायचं की भागायचं हा प्रश्नच उरत नाही. किलोमोल, मोल, मिलिमोल, मायक्रोमोल, नॅनोमोल या उतरंडीत प्रत्येक पायरी हजारपटीची आहे.

पुष्कळ विद्यार्थी इथे अ‍ॅव्होगॅड्रो संख्या, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, मध्ये आणतात. तिची गरज नाही. ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडा कण मोजायचे असतील तेव्हाच लागतो. मे २०१९ पासून मोलची व्याख्याच त्यावर बेतलेली आहे, पण मोलचं मिलिमोल करताना त्याचा काही संबंध येत नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा एका ओळीत उरकलेली असते. ग्रॅम प्रति मोल, मिलिग्रॅम प्रति मिलिमोल आणि किलोग्रॅम प्रति किलोमोल या तिन्हींत रेण्वीय वस्तुमानाचा आकडा तोच राहतो. सोडियम हायड्रॉक्साइडचा ४० आहे, म्हणून २.५ मिलिमोल म्हणजे थेट १०० मिलिग्रॅम. आधी मोल, मग ग्रॅम, मग परत मिलिग्रॅम असा वळसा कशाला घालायचा?

टायट्रेशनमध्येही, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणावरून दुसऱ्या द्रावणाची संहती (तीव्रता) काढतानाही, असंच. मोलार म्हणजे मोल प्रति लिटर, आणि तेच मिलिमोल प्रति मिलिलिटर. शंकुपात्रात ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल पिपेटने २५ मिलिलिटर घेतलं, तर त्यात २.५ मिलिमोल आम्ल आहे. ब्युरेटमधून २३.४ मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड गेल्यावर फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला, तर एक मोल आम्लाला एक मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं म्हणून २.५ भागिले २३.४, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण सुमारे ०.१०७ मोलार. कुठेही १००० ने भागावं लागलं नाही, त्यामुळे दशांश चिन्ह सरकायची भीती नाही.

मात्र मिलिमोल आणि मिलिमोलार यांत गल्लत करू नका. पहिलं पदार्थाचं प्रमाण, दुसरी द्रावणाची संहती. ५ मिलिमोलार द्रावण २ मिलिलिटर घेतलं तर हातात येतात १० मायक्रोमोल, कारण मिलिमोलार म्हणजेच मायक्रोमोल प्रति मिलिलिटर. तसंच मोल प्रति घनमीटर दिसलं की घाबरू नका: घनमीटरमध्ये १००० लिटर असतात, म्हणून १ मोल प्रति घनमीटर म्हणजे बरोबर १ मिलिमोलार.

अभियांत्रिकीच्या जुन्या पुस्तकांत पौंड-मोल, म्हणजे ग्रॅमऐवजी पौंडावर बेतलेला मोल, भेटेल. तो मेट्रिक नाही, सुमारे ४५३.६ मोलांचा असतो. त्याला हजारपटीचा नियम लावू नका.