भावाने 2012 साली भरलेला अर्ज लपवू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे. मुलगी न्यू जर्सीत, तिचं पहिलं बाळंतपण. बाईंचे यजमान हयात नाहीत. तिच्याकडे जायला व्हिजिटर व्हिसा हवा म्हणून मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली आणि दोन मिनिटांत नकाराचा कागद हातात पडला, त्यावर कलम 214(ब). एजंट आता सांगतो की नव्या अर्जात हा नकार दाखवू नका, अमेरिकी नागरिक असलेल्या भावाने 2012 साली तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्जही नको, आणि पुतण्याकडून पंधरा लाख घेऊन महिनाभर खात्यात ठेवा.

ताई, यातलं काहीही करू नका.

214(ब) हा तुमच्यावरचा ठपका नव्हे. व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे, असं अमेरिकेचा कायदा आधी धरूनच चालतो. तसं नाही, हे पटवायचं काम अर्जदाराचं. त्या दिवशी ते पटलं नाही, इतकंच. यावर अपील नाही. मात्र नवा डीएस-160 फॉर्म (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि 185 डॉलर फी भरून पुन्हा मुलाखत देता येते.

खोटं मात्र अंगाशी येतं. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवून व्हिसा मागितल्याचं ठरलं, तर जन्मभराची प्रवेशबंदी लागू शकते. नातवंडाचं तोंड पाहायला निघालेल्या बाईने एवढा धोका का पत्करायचा? आधी व्हिसा नाकारला होता का, आणि तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का, हे दोन्ही प्रश्न फॉर्ममध्ये सरळ विचारलेले असतात. भावंडांच्या अर्जांची भारतीयांसाठीची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. तो अर्ज आहे म्हणून व्हिसा मिळतच नाही असं नाही. विचारलं तर सांगा, "भावाने केलाय, नंबर आलेला नाही. आत्ता मी बाळंतपणापुरती जाते आणि परत येते."

पहिल्या फॉर्ममध्ये एजंटाने इमिग्रेशन अर्जाच्या प्रश्नापुढे 'नाही' भरलं होतं का, हे आजच तपासा. भरलं असेल, तर नवा अर्ज करण्याआधी अमेरिकेत सनद असलेल्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. मुलीला तो तिथे शोधता येईल. फॉर्म एजंटाने भरला तरी सही तुमची, जबाबदारीही तुमचीच. प्रत्येक ओळ मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

नकाराचं खरं कारण मला तुमच्याच पत्रात दिसतं. किती दिवस राहणार, या प्रश्नावर तुम्ही म्हणालात, "लेक म्हणेल तोवर." आईच्या तोंडून हे अगदी साहजिक आहे, पण अधिकाऱ्याच्या कानाला ते 'परत येणार नाही' असंच लागतं. तारखा ठरवून सांगा. इथे काय आहे तेही बोला: पेन्शन, घर, तुम्ही सांभाळत असलेल्या नव्वदीच्या सासूबाई. त्यांचा उल्लेख पहिल्या मुलाखतीत झालाच नाही, याची मला हळहळ वाटली. कागद सोबत असू द्या, पण अधिकारी ते पाहतीलच असं नाही. बरेचदा निर्णय फॉर्म आणि बोलण्यावरच होतो. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते, तशी मागा.

पंधरा लाखांची गरज नाही. खर्च लेक-जावई करणार असतील तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हाती आल्यावरच काढा.