फुगलेलं झाकण उघडू नका

प्रश्न : पिंपळगावला टोमॅटोचे भाव पडले तेव्हा दोन क्रेट आणून प्युरी बाटल्यांत भरली. हिवाळ्यात मटारही मिठाच्या पाण्यात भरून, बाटल्या पातेल्यात तासभर उकळून ठेवले. आता प्युरीच्या दोन बाटल्यांची झाकणं फुगली आहेत. मटार चांगले दिसतात, फक्त एका बाटलीला पाझर फुटून पाणी गढूळ झालंय. वास घेऊन, जिभेवर ठेवून ठरवावं का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : जिभेवर अजिबात नको. फुगलेलं झाकण, पाझर, बुडबुडे, गढूळ पाणी, उघडताना उडणारी पिचकारी, यातलं एक जरी दिसलं तरी बाटली गेली असं समजा. पण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूने सोडलेल्या विषाला वास-चव असतेच असं नाही, म्हणून चांगले दिसणारे मटारही टाकावे लागतील. सगळेच.

कारण भरण्याच्या पद्धतीत आहे. मटारात आंबटपणा नाही. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. या जिवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक, सुप्त रूप) त्याला दाद देत नाहीत; त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, तीही ठरावीक वेळ. मग हवाबंद बाटलीत त्यांना रान मोकळं. सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो नेमका या सीमेवर असतो, म्हणून पुढच्या वेळी अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घाला. मटार मात्र सरळ फ्रीझरमध्ये ठेवा.

आता विल्हेवाट. बंद, फुगलेल्या बाटल्या उघडू नका. जाड पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून घंटागाडीत द्या. पाझरलेली बाटली हातमोजे घालून मोठ्या पातेल्यात आडवी ठेवा, वर बोटभर पाणी येईल इतकं हळूच ओता, झाकण ठेवून ३० मिनिटं उकळा आणि गार झाल्यावर टाका. गाई-कुत्र्यांपुढे किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात काही नको. (गाईला घालण्याची सवय आपल्याकडे फार.) ओट्यावर सांडलं असेल तर एक भाग द्रव ब्लीच, पाच भाग पाणी ओतून ३० मिनिटं राहू द्या, मग कागदाने पुसा. कागद, घासणी, हातमोजे सगळं त्याच पिशवीत. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

प्रश्न : त्यातल्याच एका बाटलीची उसळ परवा खाल्ली. काय करू?

उत्तर : उसळ दहा-बारा मिनिटं रटरटली असेल तर तयार झालेलं विष नष्ट झालं असणार, बीजाणू तेवढे उरतात. नुसती गरम केली असेल तर लक्ष ठेवा. लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, क्वचित आठवड्यानंतरही. दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, घास न गिळता येणं. ताप सहसा नसतो. यातलं काहीही जाणवलं तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘घरी बाटलीत भरलेले मटार खाल्ले’ हे आधी सांगा. प्रतिविष जितकं लवकर, तितका उपयोग.