'रन'चे एवढे अर्थ आले कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातवीतल्या मुलीला इंग्रजी शिकवताना 'रन' शब्द आला, डिक्शनरी उघडली तर अर्थ संपतच नाहीत. नाक रन होतं, कंपनी रन करतात, कपड्याचा रंग रन होतो, दूध 'रन आऊट' होतं. मग यात धावणं कुठे आहे, आणि मराठीत याला एकच शब्द सांगायचा तर कुठला सांगायचा?

मुलगी बरोबर अडकलीय, कारण हा शब्द साधा नाहीच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सगळ्यात जास्त अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता, ४३०च्या आसपास. पुढे नव्या आवृत्तीचं काम 'आर' अक्षरापर्यंत आलं आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, नाम वेगळंच. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी ते काम केलं आणि त्या एका क्रियापदाला त्यांना नऊ महिने लागले.

पण ६४५ अर्थ म्हणजे ६४५ सुट्या गोष्टी नाहीत हो. आपली गडबड होते ती शाळेत 'रन म्हणजे धावणे' असं पाठ केल्यामुळे, म्हणजे डोळ्यासमोर येतात पाय. इंग्रजीत मात्र या शब्दाला पायांइतकंच पाणीही जुनं आहे. जर्मनमध्ये आजही याची दोन भावंडं वेगवेगळी आहेत, 'रेनेन' म्हणजे पळणं आणि 'रिनेन' म्हणजे पाझरणं, वाहणं. इंग्रजीत ती दोन्ही एकाच शब्दात मिसळून गेली. म्हणून माझ्या मते 'रन'चा गाभा 'न थांबता एका वाटेने पुढे जात राहणं' असा धरावा, मग ते माणूस असो, पाणी असो, मशीन असो की वेळ. नाक रन होतं कारण ते वाहतं. रंग रन होतो कारण तो धुताना सुटून बाजूच्या पांढऱ्या कापडावर पसरतो (आपण म्हणतो रंग सुटला, रंग लागला). अर्धंकच्चं अंडं 'रनी' असतं कारण बलक ओघळतो. दूध 'रन आऊट' झालं हेही त्यातलंच, भांड्यातून पाणी निघून जाऊन भांडं रिकामं व्हावं तशी वस्तू संपते. क्रिकेटमधला 'रन आऊट' मात्र वेगळा, तिथे रन घेताना आऊट झाला एवढाच अर्थ, दोन शब्द तेच पण जोडणी निराळी, हे मुलीला मुद्दाम सांगा कारण मराठी मुलांना 'रन आऊट' आधी क्रिकेटमधूनच माहीत असतो.

आता कंपनी 'रन' करणं. इथे व्याकरणाची एक गंमत आहे जी मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत स्वतः धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं यांची रूपं वेगळी होती, पुढे ती एक झाली. त्यामुळे मशीन रन होतं तेही रन आणि मी मशीन रन करतो तेही रन. आपल्याकडे हा भेद अजून जिवंत आहे: चालणे-चालवणे, पळणे-पळवणे, वाहणे-वाहवणे. म्हणजे इंग्रजीचे जे अर्थ कोशात दोन-दोनदा मोजावे लागतात ते मराठीत एका 'व'ने सुटतात. आणि बघा, कंपनी चालवतो, घर चालवतो, शाळा चालवतो, दुकान चालतं, नाटक हाउसफुल्ल चालतं, घड्याळ चालतं, मोबाईल चालत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी इंग्रज 'रन' म्हणेल. म्हणजे तो जिथे धावतो तिथे आपण चालतो, काम मात्र तेच.

म्हणून एकच शब्द हवाच असेल तर 'धावणे'पेक्षा 'चालणे' जास्त जवळचा आहे असं मी म्हणेन. धावणे आपण तसं कमी ठिकाणी लावतो, माणूस, घोडा, आणि गाड्या. लोकलच्या स्टेशनवर 'गाड्या दहा मिनिटे उशिराने धावत आहेत' ऐकू येतं, पेपरात 'गणपतीसाठी जादा गाड्या धावणार' छापून येतं, पण घरी फोन करून कोणी 'लोकल उशिरा धावतेय' म्हणत नाही, म्हणतो 'लोकल लेट चालल्यात आज'. बोलण्यातला शब्द चालणंच.

क्रिकेटच्या रनबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द सगळ्यात जास्त तिथेच येतो. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये गुण काठीवर खाच पाडून मोजायचे, आणि गुणालाच 'नॉच' म्हणजे खाच म्हणायचे. १७४४च्या नियमांत 'खाच धावणे' अशा अर्थाचा प्रयोग आहे. नंतर खाच गेली, धावणं उरलं आणि तेच गुणाचं नाव झालं. मग सीमेपार मारलेल्या चेंडूवर एक पाऊलही न टाकता चार रन मिळायला लागले तरी शब्द तोच राहिला. आपण त्याचं 'धाव' केलं, आणि 'धावबाद', 'धावफलक', 'धावसंख्या' इतके सहज रुळले की ते भाषांतर आहे हे आता जाणवतही नाही. परिभाषा करणाऱ्यांनी इथे मोठं काम केलंय असं मला मनापासून वाटतं.

आणि 'धाव' हा शब्दही काही एकअर्थी नव्हता बरं का. विहिरीवर मोट असायची तेव्हा बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जायचे त्या वाटेला धाव म्हणायचे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तीही धाव. इंग्रजीत बर्फावरून घसरत जायच्या उताराला 'स्की रन' म्हणतात, कोंबड्यांना हिंडायला केलेल्या जाळीच्या आवाराला 'चिकन रन' म्हणतात. जाण्याच्या क्रियेवरून जाण्याच्या जागेला नाव पडणं, दोन्ही भाषांनी आपापलं केलेलं आहे.

आपल्या बोलण्यात 'रनिंग' जे शिरलंय ते तर कोशातल्या अर्थांपेक्षा जास्त मजबूत बसलंय. घरात काम काढलं की फॅब्रिकेटर रेलिंगचा भाव 'रनिंग फुटा'ने सांगतो, म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदीचा प्रश्न नाही. कॉन्ट्रॅक्टरचं 'रनिंग बिल' म्हणजे काम चालू असताना झालेल्या कामापुरतं टप्प्याटप्प्याने लावलेलं बिल. रेल्वेत ड्रायव्हर-गार्ड लोकांची 'रनिंग रूम' असते, तिथे ते गाडीवरून उतरल्यावर विश्रांती घेतात, म्हणजे नाव रनिंग आणि काम झोपायचं, कारण ती 'रनिंग स्टाफ'ची खोली. त्यांना 'रनिंग अलाउन्स' मिळतो तोही किलोमीटरवर. जुनी गाडी विकताना 'रनिंग कंडिशन' लिहितात. आणि 'थ्री डेज रनिंग' म्हणजे सलग तीन दिवस. रनिंग फुटातला रनिंग आणि हा रनिंग एकच आहे, मध्ये खंड न पडता सरळ पुढे, हे लक्षात आलं की दोन्ही एकदम समजतात.

निवडणुकीचं उदाहरण मुलीला नक्की द्या. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो, आणि आपण म्हणतो अमुक निवडणुकीला उभा आहे. एकाच गोष्टीला एक देश धावणं म्हणतो आणि दुसरा उभं राहणं. 'बँकेवर रन' म्हणजे ठेवीदारांची पैसे काढायला झुंबड, २००७ साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात लागलेल्या रांगा जगभर टीव्हीवर दिसल्या होत्या. इथे कोणी धावत नाही, सगळे रांगेत उभे असतात, पण पैसा वाहून जात असतो. 'रनर-अप' हा शिकारी कुत्र्यांच्या शर्यतीतून आला, शेवटच्या फेरीपर्यंत आला पण तिथे हरला तो. आपण 'उपविजेता' म्हणतो, चांगला शब्द आहे.

काही प्रयोग मात्र ओढूनताणून मराठीत आणू नयेत. 'रनिंग अ टेंपरेचर' म्हणजे अंगात ताप आहे, 'रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यातच आहे किंवा रक्तातच आहे, 'इन द लाँग रन' म्हणजे पुढेमागे, कालांतराने. हल्ली भाषांतरात 'ती कंपनी धावते', 'हा आजार कुटुंबात धावतो' अशी वाक्यं दिसतात, ती वाचताना खरंच त्रास होतो, कारण साधा शब्द हाताशी असताना तो सोडून दिलेला असतो.

आता एक गोष्ट जी मला या शब्दाबद्दल सगळ्यात जास्त आवडते. बरेच व्युत्पत्ती अभ्यासक 'रन'चं मूळ 'वाहणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे नेतात, र्‍हाईन नदीचं नावही तिथलंच मानतात, आणि संस्कृतमधला वाहण्याच्या अर्थाचा 'री' धातू त्याच कुळातला. त्या 'री'पासून 'रीति' आला. ऋग्वेदात रीति म्हणजे प्रवाह, ओघ. मग ओघाची वाट, मग वागण्याची वाट, मग आपली रीत. आणि मराठीत आपण ती एकटी बोलत नाही, 'चालीरीती' म्हणतो. त्यातली चाल आली चालण्यावरून आणि रीत आली वाहण्यावरून. म्हणजे 'रन'ने जे दोन अर्थ एका शब्दात कोंबले ते आपण एका जोडशब्दात शेजारी शेजारी ठेवलेत, तेही रिवाज या अर्थाने, जो इंग्रजी 'रन'ला मिळालाच नाही.

मुलीला शिकवताना अर्थांची यादी देऊ नका, दोन प्रश्न विचारायला लावा: काय पुढे जातंय, आणि ते आपोआप जातंय की कोणी नेतंय? द्रव असेल तर वाहणे-सुटणे, यंत्र किंवा व्यवहार असेल तर चालणे-चालवणे, माणूस-प्राणी असेल तर धावणे-पळणे, संपत आलं असेल तर सरळ 'संपलं'. 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणं, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली येणं, 'रन डाउन' म्हणजे मोडकळीला आलेलं, ही जोडपी अख्खीच लक्षात ठेवावी लागतात, ती वाक्यात पाच-सहा वेळा भेटली की बसतात. सातवीसाठी एवढं पुष्कळ झालं.