कॅल्क्युलसच्या वर्गात एकेकटे बसणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी : टीएने काय करावे

नमस्कार. तुम्ही अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी. करता आणि टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे अध्यापन साहाय्यक) म्हणून कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्राचा वर्ग घेता. 36 विद्यार्थ्यांत 5 कृष्णवर्णीय आहेत, पाचही जण वेगवेगळ्या रांगांत एकेकटे बसतात आणि पहिल्या परीक्षेनंतर त्यांतील दोघे यायचे थांबले आहेत. आपण भारतीय असताना यात पडावे का आणि पडलो तर नेमके काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी अशाच एका विद्यापीठात 22 वर्षे गणित शिकवत आहे. यात अवश्य पडावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते तुमचे विद्यार्थी आहेत आणि त्यांचे पेपर तुम्हीच तपासता.

सुरुवात निदानापासून करायला हवी. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला हाच प्रश्न पडला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये इतक्या मोठ्या संख्येने का नापास होतात, असे त्यांनी प्राध्यापकांना विचारले, तेव्हा अभ्यासाची ओढ नाही, शाळेतला पाया कच्चा आहे, घरी पैसा आणि शिक्षणाचे वातावरण नाही, अशी ठरावीक उत्तरे मिळाली. ट्राइसमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष जवळून पाहिला आणि ही उत्तरे एकेक करून गळून पडली. त्या कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेक जण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते आणि घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान केले होते. आठवड्याला 8 तास अभ्यास करा असे सांगितले, की ती तितका करतही होती, मात्र एकटी, आपल्या खोलीत. चिनी मुले आधी स्वतः गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते मुळातच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला तेच गणित सुटले नाही, की आपली इथे बसण्याची लायकीच नाही असे वाटू लागे.

यावर ट्राइसमन यांनी काढलेला उपाय मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा वर्ग काढण्याऐवजी त्यांनी हुशार मुलांना मानाने बोलावले, नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली आणि ती एकत्र सोडवायला लावली. या कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण न आलेल्यांपेक्षा ठळकपणे वर गेले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नेमके याच्या उलट केले. एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला 100 पैकी 61 गुण मिळाले, तेव्हा मदत करण्याच्या हेतूने मी तिला शिकवणी केंद्राचा कागद दिला. तिने तो नीट घडी करून वहीत ठेवला, "थँक यू, सर" म्हणाली आणि पुन्हा कधीही माझ्या ऑफिसात आली नाही. त्याच परीक्षेत तेवढेच गुण मिळालेल्या एका भारतीय मुलाला मी फळ्यापाशी उभे करून चूक समजावली होती, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले.

म्हणून येत्या आठवड्यापासून संध्याकाळची एक ठरलेली वेळ आणि फळा असलेली एक खोली मिळवा. आमंत्रण सगळ्या वर्गाला द्या, पण या पाच जणांना आणि आणखी काही जणांना स्वतः जाऊन, नावाने बोलवा. गणिते पाठ्यपुस्तकाहून कठीण ठेवा. चार-चारचे गट तुम्हीच पाडा, कारण "आपापले गट करा" म्हटले की एकटा असलेला एकटाच राहतो. एखाद्या गटात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी शक्यतो ठेवू नका.

सर्वांसाठी खुले ठेवण्यामागे कायद्याचेही कारण आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी संकुलात 1988 साली मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली, ती विज्ञान शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी. तिच्यामागे असलेले फ्रीमन ह्राबोव्स्की 1963 साली, 12 वर्षांचे असताना, अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या मुलांच्या मोर्चात तुरुंगात गेले होते. 1994 साली न्यायालयाने त्याच राज्यातील दुसरी एक वंशाधारित शिष्यवृत्ती रद्द केल्यावर 1996 पासून मायरहॉफ सर्वांना खुली झाली, तरी तिचा गाभा टिकला: प्रवेशाआधी उन्हाळ्यात एकत्र राहणे, गटाने अभ्यास करणे आणि पायाभूत विषयात सी श्रेणी मिळाली तर तो विषय पुन्हा घेणे. कोविडच्या लशीवर काम करणाऱ्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून पुढे आल्या. आता तर विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई करणारा 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि विद्यापीठांतील विविधता-कार्यक्रमांवर बंधने घालणारे टेक्साससारख्या राज्यांचे कायदेही आहेत, त्यामुळे काहीही जाहीर करण्यापूर्वी विभागप्रमुखांशी बोलून घ्या.

ही मुले आपल्याच कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेत रमतात, त्यामुळे ती आणखी वेगळी पडत नाहीत का, असेही तुम्ही विचारले आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे. आपण परदेशात मराठी मंडळात गणपती बसवतो, त्याला कोणी फुटीरपणा म्हणत नाही. वर्गांत दिवसभर एकटे बसल्यावर जिथे स्वतःविषयी काही सिद्ध करावे लागत नाही अशी एक खोली असणे ही माणसाची साधी गरज आहे. 1966 साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना उभी राहिली. तिच्या पुढाकाराने झालेल्या 1968-69 च्या दीर्घ संपामुळे तिथे वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तुमच्या विद्यापीठातील संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटा आणि अभ्यासाची बैठक त्यांच्याच जागेत घेतली तर चालेल का, हे विचारा. काय हवे आहे ते आधी त्यांच्याकडून ऐका.

पैशाकडेही लक्ष असू द्या. माझा एक विद्यार्थी तीन आठवडे दिसला नाही, तेव्हा मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो होतो. प्रत्यक्षात 340 डॉलर थकल्याने त्याच्या विद्यापीठातील खात्यावर होल्ड (थकबाकी भरेपर्यंतची रोक) लागला होता आणि तो रात्रपाळी करून ते पैसे जमवत होता. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2011 पासून अशा छोट्या थकबाकीसाठी, विद्यार्थ्याच्या अर्जाची वाट न पाहता, अनुदान द्यायला सुरुवात केली आणि जोडीला सल्लागारांची संख्या वाढवली. तिथे सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण 2003 साली 32 टक्के होते, ते पुढे 50 टक्क्यांच्या वर गेले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीला आले. तुमच्या विद्यापीठात आपत्कालीन निधी कुठे मिळतो, ते आजच शोधून फोन नंबर जवळ ठेवा.

जे दोघे येत नाहीत, त्यांना विषय सोडण्याची मुदत संपण्यापूर्वी स्वतंत्र ईमेल लिहा. "तुम्ही ठीक आहात का" एवढ्यावर थांबू नका, कारण त्याला "हो" एवढेच उत्तर येते. त्यांचा पेपर समोर घेऊन लिहा: "तिसऱ्या प्रश्नात तुम्ही साखळी नियम बरोबर लावला होता, चूक फक्त शेवटच्या ओळीत आहे. गुरुवारी चार वाजता मी ऑफिसात आहे, पेपर घेऊन या, तिथून पुढे आपण दोघे मिळून सोडवू."