'करिश्मा का करिश्मा'मधली रोबोट मुलगी खरंच पुरातत्त्व शिकली का? (लातूरची माझी बहीण तिच्यासारखंच शिकू म्हणते)

हो, खरं आहे. झनक शुक्लानं अभिनय सोडून पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एम.ए. केलं, हे तिनं स्वतः मुलाखतींत सांगितलंय. 2003 मध्ये स्टार प्लसवरची ती सपाट, यंत्रासारख्या आवाजात बोलणारी करिश्मा आणि 'कल हो ना हो'मधली छोटी जिया, दोन्ही तिनंच केल्या. काम मिळेना म्हणून हा रस्ता धरला असं समजू नका, आवड तिकडे होती. मात्र या एका उदाहरणावरून बालकलाकार पुढे टिकत नाहीत असंही धरू नका: 'बालिका वधू'ची अविका गोर 2011 मध्ये 'ससुराल सिमर का'त आली, 2013 मध्ये तेलुगू सिनेमातही.

बहिणीला आधी कुठलीही पदवी पूर्ण करू द्या, एम.ए. त्यानंतरच. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आहे. आणि एकदा तिला धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावी न्या, लातूरहून लांब नाही. लामतुरे संग्रहालयातली वीतभरही नसलेली सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती, तिचे दागिने, तिला जवळून बघू द्या. तिथं ती किती वेळ रेंगाळते ते बघा.