पाचवीच्या प्रवेशासाठी ठेव मोडावी का?

ताई, तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेला शाळेच्या फीचा कागद, दोन्ही वाचले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कुटुंब कुपवाडचं. मिस्टर एमआयडीसीत फिटर, हातात ३८,००० रुपये. ताई घरी ब्लाऊज शिवतात, लगीनसराई आणि रिकामे महिने धरून सरासरी ८,०००. घराचा हप्ता ९,५००. भिशी सोडून महिन्याला ९,००० शिल्लक पडतात. पतसंस्थेत २ लाख ८० हजारांची ठेव आहे. लेक महापालिकेच्या शाळेत चौथी पास झाली, म्हणजे पाचवीला कुठेतरी नाव घालायचंच आहे. घराजवळ अनुदानित मराठी हायस्कूल आहे. जाऊबाईंची दोन्ही मुलं मात्र सीबीएसईच्या खासगी शाळेत जातात. ताई विचारतात, "ठेव मोडून तिथे प्रवेश घ्यावा का? नाही घेतला तर पुढे इंजिनिअरिंगला पोरगी मागे पडेल का?"

ठेव मोडा, ताई. पण या कामासाठी नाही.

आधी तो कागद बघू. ट्यूशन फी ६४,०००, टर्म फी ६,०००, ॲक्टिव्हिटी ४,०००, बस १६,०००, पुस्तकं आणि गणवेश १०,०००. बरोब्बर एक लाख. खाली कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने '४०,००० विकास निधी' असं लिहिलंय. छापील रकमांची पावती मिळते, पेन्सिलीतल्या रकमेची बहुधा मिळत नाही. प्रवेशासाठी असे पैसे घ्यायला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. तेव्हा कुठल्याही शाळेत गेलात तरी आधी पावतीचं विचारा.

आता तुमची शिल्लक वर्षाला १ लाख ८ हजार, आणि फी एक लाख. म्हणजे पहिल्याच वर्षी बचत जवळजवळ शून्यावर येते. फी दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर दहावीपर्यंतच्या सहा वर्षांत ७ लाख ३० हजारांच्या पुढे जाते. सहाव्या वर्षी एकट्या त्या वर्षाचे १ लाख ४७ हजार होतात. तोवर मिस्टरांचा पगार वाढेल, खरं आहे. पण ओव्हरटाइम बंद झाला की किती फरक पडतो हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. अकरावी-बारावीचे क्लास यात अजून धरलेलेच नाहीत.

इंजिनिअरिंगला मागे पडेल का, या भीतीकडे येतो, कारण सगळा खर्च त्या भीतीपोटी चाललाय. विश्रामबागचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून उभं आहे, अनुदानित आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. या दोन्हीकडे पाचवी कुठल्या शाळेत झाली हे कुणी विचारत नाही. राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. त्यात अकरावीला साधारण वीस टक्के वजन आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई किंवा नीट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या परीक्षा द्यायच्या असतील तर एनसीईआरटीची पुस्तकं हाताखालून जावी लागतात, हे मान्य. पण तो अभ्यासही अकरावीत सुरू होतो, आणि ती पुस्तकं काही शे रुपयांत मिळतात.

सीबीएसईच्या मुलांना एक गोष्ट खरोखर जमते. ती इंग्रजीला बिचकत नाहीत. त्यात मी तुमच्याशी वाद घालणार नाही. म्हणून हायस्कूलमध्ये सेमी-इंग्रजीच्या तुकडीतच नाव घाला. नाव घालण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. आठवीला विज्ञान इंग्रजीतून कोण शिकवतं, तुकडीत मुली किती, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं का, हे बघा. अनुदानित म्हणजे आपोआप चांगलं, असं अजिबात नाही. उत्तरं पटली नाहीत तर सांगली-मिरजेत दुसरं अनुदानित हायस्कूल शोधा, थोडा प्रवास पडला तरी चालेल. शिवाय महिन्याला १,५०० रुपये फक्त इंग्रजीसाठी काढून ठेवा. चांगली शिकवणी, नाहीतर गोष्टींची पुस्तकं. रोज संध्याकाळी तुम्ही मशीनवर बसाल तेव्हा तिने शेजारी बसून मोठ्याने एक पान वाचायचं. तुम्हाला अर्थ कळला नाही तरी ती कुठे अडखळते ते ऐकू येतंच. शिष्यवृत्ती परीक्षा द्यायला लावा. पलूसच्या नवोदयचा फॉर्मही भरा. तिथे निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या, त्यामुळे आशा फार धरू नका.

आता बारावीनंतरचं. तुमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. मुख्य अट अशी की प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आठ वर्षांनी योजना अशीच असेल याची हमी मी देणार नाही. पण असली तर तुमचा खरा खर्च राहतो तो क्लास, लॅपटॉप आणि पुण्याला गेली तर होस्टेल-मेस. वालचंदला किंवा मिरजेच्या शासकीय मेडिकलला लागली तर जेवायला घरीच. कमी पडलेच तर साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज घर किंवा दागिने तारण न ठेवता मिळतं. जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला पडताळून घेण्याचा अर्ज मात्र अकरावीतच टाका. कॅपच्या तोंडावर त्या कार्यालयात हेलपाटे घालणारे आईबाप मी दरवर्षी बघतो.

९,००० ची वाटणी मी अशी करेन: १,५०० इंग्रजीला, १,५०० सुकन्याला (मुलींसाठीचं सुकन्या समृद्धी बचत खातं), ३,५०० निफ्टी इंडेक्स फंडाच्या (मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा फंड) एसआयपीत, म्हणजे मासिक हप्त्यात. उरलेले २,५०० मिस्टरांच्या टर्म विम्याला आणि अडीअडचणीच्या खात्याला. फंडातले पैसे दहावी झाली की हळूहळू बँकेच्या एफडीत आणा, ऐन बारावीला बाजार पडला तर रडायची पाळी नको. सात ते दहा टक्के परतावा धरला तर आठ वर्षांनी फंडाचे साडेचार ते पाच लाख होतात, आणि सुकन्यातून साधारण एक लाख काढता येतात.

पतसंस्थेतली ठेव मोडा म्हणालो त्याचं कारण शाळा नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. माझ्या आत्याची पुंजी अशाच एका संस्थेत अडकली, आणि दीड-दोन टक्के जास्त व्याजाच्या नादात ती पाच वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली. मोडा म्हणजे मुदत संपताच पैसे चांगल्या बँकेत हलवा आणि तिथेच राहू द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च असणं काय असतं, हे तुम्ही पाहिलंय.

सुकन्याला घाई आहे. खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, आणि लेकीचा दहावा वाढदिवस ऑगस्टमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के आहे, सुरुवात २५० रुपयांनीही होते. मात्र शिक्षणासाठी फक्त निम्मी रक्कम काढता येते, बाकीची खात्याला एकवीस वर्षं होईपर्यंत किंवा अठरानंतर लग्न ठरेपर्यंत अडकते. म्हणून तिथे दीड हजारच म्हटलं. तिचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन घेऊन याच आठवड्यात पोस्टात जाऊन या. जन्मदाखल्यावरचं आणि शाळेतलं नाव एकसारखं आहे का तेवढं आधी तपासा, कारण काउंटरवरून लोक बहुतेक त्याच कारणाने परत येतात.