नवी एरियल: मोठे का चिडले आणि मुलं काय बघतात

तुमचा प्रश्न असा: ४ वर्षांच्या मुलीला डिस्ने ज्युनिअर या छोट्यांच्या वाहिनीवरची, एरियल नावाच्या जलपरीची नवी मालिका 'एरियल' फार आवडते, पण सासूबाई म्हणतात, "ही कसली एरियल?" नेटवर बघावं तर तिथेही लोक तुटून पडलेत. मग दाखवावी की बंद करावी, आणि एवढं चिडण्यासारखं तिच्यात आहे तरी काय?

दाखवा. जमेल तेव्हा शेजारी बसून बघा.

मी न्यू जर्सीत एका डेकेअरमध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या वर्गावर असते. वर्गात आम्ही टीव्ही लावत नाही, पण घरी पाहिलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मुलांच्या खेळात उतरतंच. त्यामुळे या मालिकेबद्दल मोठ्यांचं म्हणणं मी वाचलं, आणि छोट्यांचं म्हणणं समोर बसून बघितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारच थोडा संबंध आहे.

मालिका अमेरिकेत २७ जून २०२४ ला सुरू झाली. यातली एरियल ८ वर्षांची आहे, रंगाने सावळी, केस तांबूस. तिचं अटलांटिका हे राज्य कॅरिबियन बेटांच्या धर्तीवर रंगवलंय. एरियलला आवाज दिलाय मायकल-मिशेल हॅरिस या मुलीने, राजा ट्रायटनला टे डिग्जने, आणि अर्सुलाला अँबर रायलीने, जिने लंडनच्या रंगभूमीवर गाऊन मोठा पुरस्कार मिळवलाय. सेबॅस्टियन खेकडा आणि फ्लाउंडर मासा आहेतच. लूसिया आणि फर्नी ही नवी दोस्तमंडळी आहे. जुन्या सिनेमातल्यासारखा राजपुत्र नाही, लग्न नाही, पायांसाठी आवाज देऊन टाकणं नाही. आणि तिथली जादूगारीण अर्सुला इथे दुष्ट नाही, एरियलची मायाळू आत्या आहे.

चिडलेल्यांमध्ये दोन गट आहेत. एक एरियलच्या रंगावर चिडलाय, दुसरा अर्सुलाच्या चांगुलपणावर. पहिल्याचा आवाज मोठा आहे, दुसऱ्याच्या म्हणण्यात दम आहे.

रंगाचा वाद या मालिकेमुळे सुरू झालेला नाही. जुलै २०१९ मध्ये 'द लिटल मर्मेड' या डिस्नेच्या नव्या सिनेमात एरियल म्हणून हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर झाली, तेव्हापासून तो पेटलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेमाची पहिली झलक आली तेव्हा यूट्यूबवर लाखो लोकांनी नापसंती नोंदवली. पण त्याच आठवड्यात आईबापांनी आपल्या लहान मुलींचे व्हिडिओही टाकले. सोफ्यावर बसलेली एखादी कृष्णवर्णीय मुलगी, पडद्यावर एरियलचा चेहरा येतो आणि ती आईकडे वळून म्हणते, ही माझ्यासारखी आहे! तुम्ही पाहिले नसतील तर शोधून बघा. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या गदारोळातली सर्वात खरी प्रतिक्रिया तीच होती. सिनेमा मे २०२३ मध्ये आला, आणि पुढच्या वर्षी ही मालिका आली तेव्हा तोच राग जशाच्या तसा तिच्यावर निघाला. रागावणाऱ्या कितीजणांनी एक तरी भाग पूर्ण पाहिला असेल, मला शंका आहे.

'मूळ एरियल' म्हणून जी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, ती डिस्नेच्याच १९८९ च्या 'द लिटल मर्मेड' या कार्टून सिनेमातली. सासूबाईंच्याही डोळ्यांसमोर तीच असणार, कारण दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, वाढदिवसाच्या केकवर वर्षानुवर्षं तोच चेहरा होता. त्याच्या मागे गेलात तर हान्स अँडरसनची १८३७ ची डॅनिश कथा लागते. तिथली जलपरी गोरी आणि निळ्या डोळ्यांचीच आहे, हे सरळ मान्य करावं. पण त्या कथेत तिला एरियल हे नाव नाही, तिची जीभ कापली जाते, राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि ती समुद्राच्या फेसात विरते. १९८९ मध्ये डिस्नेने नाव दिलं, खेकडा दिला, लग्न लावलं, शेवट गोड केला. एवढं सगळं बदललेलं लोकांनी आनंदाने स्वीकारलं. आता कातडीचा रंग बदलला तेव्हाच मूळ कथा आठवावी, हे मला पटत नाही.

आणि कॅरिबियन काही आज आणलेलं नाही. सेबॅस्टियनला कॅरिबियन बेटांवरच्या बोलीत बोलतं करायची कल्पना १९८९ च्या सिनेमाचे गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन यांची. त्याचं समुद्राखालचं गाणं कॅलिप्सो या कॅरिबियन संगीताच्या ठेक्यावर बांधलेलं होतं, आणि त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर त्यालाच मिळालं. म्हणजे कथा डेन्मार्कची, पण सिनेमाचा ठेका पहिल्यापासून बेटांवरचा. मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या लिन सदरलँड आणि त्यांच्या चमूने त्या ठेक्याला साजेसं गाव आणि माणसं दिली. आमच्याकडे नातीला सोडायला एक हैतीच्या आजी येतात. त्यांना यात काही नवल वाटत नाही. त्यांच्याकडे 'ला सिरेन' ही समुद्राची देवताच आहे, हातात आरसा आणि फणी घेतलेली जलपरी. जमैकातही नदीत राहणाऱ्या 'रिव्हर ममा'च्या गोष्टी आजही सांगतात. सावळी जलपरी त्या घरांना परकी नाही, पडद्यावर मात्र ती आत्ता दिसायला लागली.

"मग नवं पात्र बनवा की, जुनं कशाला बदलता?" हा आक्षेप बरीच समंजस माणसंही घेतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. नवी पात्रं बनवलीच आहेत. याच वाहिनीवर २०१२ मध्ये 'डॉक मॅकस्टफिन्स' आली, खेळण्यांची डॉक्टर असलेली कृष्णवर्णीय मुलगी, आणि ती तुफान चालली. २०२० मध्ये 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' आली, भारतासारख्या दिसणाऱ्या जलपूर नावाच्या राज्यात गुपितं उलगडणारी मुलगी. तिच्या मिक्कू आणि चिक्कू या मुंगसांना कॅल पेन आणि उत्कर्ष आंबुडकर या अभिनेत्यांचे आवाज होते. आमच्या वर्गातल्या भारतीय मुलांना तेव्हा जो चेव चढला, तो मी विसरणार नाही. जिलबी, पतंग, दिवाळी हे शब्द ती इतर मुलांना समजावून सांगत होती, एरवी गप्प बसणारी मुलंसुद्धा. पण मुलं राजकन्या राजकन्या खेळायला लागली की जुनी नावं काही सुटत नाहीत. एल्सा, एरियल, सिंड्रेला यांची वाटणी होते आणि जी मुलगी 'तशी दिसत नाही' तिच्या वाट्याला घोडा नाहीतर मासा येतो. हे कोणी शिकवलेलं नसतं. नवं पात्र कितीही गोड असलं, तरी त्या जुन्या नावांवरचा हक्क त्याने मिळत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, केसांच्या बारीक वेण्या आणि टोकांना रंगीत मणी. जलपरी व्हायचं असलं की ती आधी स्वेटर डोक्यावर घालायची. गळा कपाळावर बसवून बाह्या पाठीवर सोडायच्या, म्हणजे लांब सरळ केस झाले. मग ती पोहायला लागायची. ही मालिका आल्यानंतर एका सकाळी ती आली आणि थेट गालिच्यावर आडवी झाली. पाय जोडले, मान झटकली, मणी खळखळले, आणि म्हणाली, "बघ, आता मी जोरात पोहतेय." स्वेटर खुंटीवरच होता. वर्गातल्या दुसऱ्या कोणाला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. मला जाणवलं.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून विचारलं होतं, यातली छान कोणती, वाईट कोणती. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनीसुद्धा गोरी बाहुली छान म्हणून उचलली. शाळांमधला वर्णभेद रद्द करणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. ती मुलं ३ ते ७ वर्षांची होती, यातली लहान अगदी तुमच्या मुलीएवढी. रंगाबद्दल आपण गप्प राहिलो तर लहान मुलांना तो दिसत नाही, असं मुळीच नाही. त्यांना दिसतो, आणि कोणता चांगला तेही ती आपल्याकडे बघूनच ठरवतात.

आपल्या घरांबद्दल इथे बोललंच पाहिजे. बाळ झालं की पहिला प्रश्न कोणावर गेलं, आणि दुसरा रंग कसा आहे. डाळीचं पीठ आणि साय चोळताना "उजळेल हळूहळू" असं आपण सहज म्हणतो. लग्नाच्या जाहिरातीत अजून 'गोरी' असतं, आणि सावळ्या मुलीबद्दल 'पण नाकीडोळी नीटस' अशी पुस्ती जोडली जाते. सासूबाई मुद्दाम दुखावायला बोलत नसणार, लहानपणापासून कानावर पडलेलंच त्यांच्या तोंडून येतंय. पण तुमची मुलगी ते ऐकतेय, आणि ती स्वतः सावळी असेल तर ते वाक्य पडद्यावरच्या एरियलबद्दल राहत नाही. वाद घालू नका. मुलीसमोरच त्यांना सांगा, "आई, हिला ही एरियल फार आवडते, गाते किती छान बघा." आणि मुलीला त्यांना एखादं गाणं म्हणून दाखवू द्या.

आता अर्सुला. इथे मी मालिकेच्या बाजूने आहे, पण समोरचं म्हणणंही मला कळतं. त्यांचं म्हणणं असं की गोष्टीत वाईट माणूस हवा. राक्षस नसेल तर मुलांनी घाबरायचं कधी आणि भीतीवर मात करायला शिकायचं कधी? शिवाय अर्सुला ही डिस्नेच्या सर्वात जबरदस्त खलनायिकांपैकी एक. तिचं गाणं, तिचा थाट, आवाज घेऊन पाय देण्याचा तिचा करारनामा काढून घेतला तर उरलं काय?

५ वर्षांवरच्या मुलांच्या बाबतीत मी हे मानते. आपल्याकडच्या पूतना, हिडिंबा मुलांना उगाच आवडत नाहीत. पण ही मालिका शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्या वयाचं भांडण वेगळं असतं. माझी पाळी कधी, तिने माझी वस्तू घेतली, मला जमत नाही, आई गेली. या वयाच्या मुलाला राक्षस बाहेरून आणून द्यावा लागत नाही, दिवा मालवला की तो येतोच. त्याला हवं असतं ते एक मोठं माणूस, जे रागावत नाही, ऐकून घेतं आणि पुढे काय करायचं ते सुचवतं. अर्सुला इथे ते करते. आणि दिसायला ती तशीच आहे, भारदस्त, ऑक्टोपससारख्या भुजा असलेली. लठ्ठ, दणकट बाई म्हणजे दुष्ट, हे समीकरण मुलांच्या चित्रांत इतकं रुजलंय की त्याच शरीराची बाई प्रेमळ दाखवणं मला धाडसाचं वाटलं. आमच्याकडे अर्सुला व्हायला आता मुली भांडतात. पूर्वी ती कोणालाच व्हायचं नसायचं.

सगळंच उत्तम आहे असं मात्र नाही. अडचणी फार लवकर सुटतात, रुसवा गाण्याआधी सुरू होतो आणि गाणं संपेपर्यंत मावळतो. खऱ्या मुलांना तेवढ्याने भागत नाही, म्हणूनच शेजारी बसा म्हटलं. "तिला राग का आला असेल?" एवढा एकच प्रश्न मध्ये विचारला तरी पुरतं. बाजारातल्या एरियल बाहुल्या, डबे, शेपट्या यांचा हट्ट होईल, तो कुठे थांबवायचा हे आधीच ठरवा. शेपटी अडकवून खऱ्या पाण्यात मुळीच उतरवू नका, पाय बांधले जातात. वेळेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या आतच पडदा द्या असं सांगितलं होतं, आणि मी पालकांना तेच सांगते. एखादी गोष्ट बघून झाली की बंद करा आणि बादलीभर पाणी, दोन वाट्या, चार शंख द्या. पुढचा खेळ मूल स्वतः रचतं.

१९८९ चा सिनेमा मात्र आत्ता लगेच लावू नका. मालिकेतली प्रेमळ आत्या तिथे अक्राळविक्राळ झालेली बघून या वयाची मुलं गोंधळतात. त्याहून जास्त घाबरतात ती बापाला. ट्रायटन चिडून एरियलच्या गुहेतला सगळा खजिना त्रिशूळाने फोडतो, त्या प्रसंगाने आमच्याकडची दोन-तीन मुलं हमसून रडल्याचं पालकांनी सांगितलंय, अर्सुलाच्या वेळी तेवढी नाही. ६-७ वर्षांची झाली की दाखवा, सासूबाईंना सोबत घेऊन दाखवा, त्यांची आवडती एरियल त्यांनीच नातीला ओळखून द्यावी. तोवर मुलीला दोन एरियल ठाऊक असतील, आणि त्यातली कोणती जास्त आवडते ते ती तुम्हाला स्वतः सांगेल.